सात नंबरचा शिक्का

आमच्या कंपनीत कुणाच्या घरी सोयरीक जमत आली, की मुलाची पत्रिका ज्याला दाखवायची त्याला दाखवोत, पण मुलगा एकदा धम्मरत्नच्या नजरेखालून जायचाच. धम्मरत्न ओव्हाळ काही ज्योतिषी नव्हता. चाकणच्या अलीकडे महाळुंग्याला आमची ब्रेकचे भाग बनवणारी कंपनी आहे, तिथं तो फायनल इन्स्पेक्टर होता. म्हणजे मशीनवरून उतरलेला माल गाडीत चढण्याआधी ज्याचा शेवटचा हात लागतो, तो माणूस. तेवीस वर्षं त्यानं एकच प्रश्न विचारला, चालेल का नाही चालेल? आणि तेवीस वर्षं त्याचं उत्तर कुणी फिरवलं नव्हतं.

हा स्वभाव तो गेटवर जमा करून घरी जात असता तर बरं होतं. मोशीच्या बाजारात तो टोमॅटो घ्यायला उभा राहिला की भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची. तिला ठाऊक होतं, अर्ध्या किलोला वीस मिनिटं लागणार. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी व्हर्निअर असायचा, केसाची जाडी सुद्धा मोजता येते ते माप. जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकरची भिंत उभी राहिली तरी पोरं नाचायला थांबायची. ओव्हाळसाहेब पान्हा घेऊन वर चढले, सगळे नटबोल्ट चाचपून खाली उतरले आणि त्यांनी मान हलवली, की मग दणका सुरू. मिनलवहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगायच्या, "मला बघायला हे दोनदा आले. दुसऱ्यांदा का आलात विचारलं, तर म्हणाले, पहिल्यांदा उजेड कमी होता."

कंपनी प्रत्येक इन्स्पेक्टरला एक गोल रबरी शिक्का देते. त्यावर नाव नसतं, नंबर असतो. धम्मरत्नचा नंबर सात. सातचा शिक्का बसलेली पेटी पुढं कुणी उघडून बघत नसे. मी त्याच कंपनीत स्टोअर सांभाळतो, मी सुद्धा बघत नसे.

ज्योतीराम आमच्याकडं कंत्राटावर होता, ट्रॉली ओढायला. उदगीरकडचा गडी, तिशीतला, बोलायला मऊ. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती, तर्जनी आणि मधलं. आधी भोसरीतल्या एका लहानशा शेडमध्ये तो पत्रा कापायच्या प्रेसवर होता, तिथं ती गेली. त्याची भरपाई बरेच हेलपाटे घातल्यावर मिळाली, साडेचार लाख. हे पैसे त्यानं आणि त्याच्या बायकोनं, करिष्मानं, चार वर्षं हलवले नव्हते. घरात त्यांना 'बोटांचे पैसे' म्हणत. ते एकाच कामाला होते. ज्योतीरामला मोशीत पिठाची गिरणी टाकायची होती.

"एवढ्या बिल्डिंगी झाल्यात दादा, अन् जवारी दळायला बायामाणसं कुठं कुठं जाऊ लागलीत," तो धम्मरत्नला सांगायचा. धम्मरत्नला तो दादा म्हणे. "गिरणीला काय, आठ बोटं बी पुरतात."

गाळ्याची अनामत आणि यंत्र धरून सात लाख लागत होते. अडीच कमी पडत होते. आणि तिथं डिस्पॅचच्या रविराजनं त्याच्या डोक्यात टोर्वेला घातलं. टोर्वेला म्हणजे आभासी नाणी विकत घ्यायचा-विकायचा एक परदेशी बाजार, फोनमध्ये मावणारा. कंपनीच्या बसमध्ये रविराज अख्ख्या सीटला आपला फायदा दाखवत फिरायचा.

"दादा, ह्यात घातले तर वरसात गिरणीचं जमंल म्हनतोय रविराज," ज्योतीराम बसमध्ये म्हणाला.

"आणि रविराजला कोण म्हणालं?"

"फोन."

"फोन म्हणतो म्हणून चालायला लागलो तर मला पगार कशाचा देतात?" धम्मरत्न म्हणाला. "थांब. मी बघतो. मी ओके म्हणेपर्यंत एक रुपया हलवायचा नाही."

"म्हनून तर तुमाला सांगालोय की."

मागच्या सीटवरून रविराज ओरडला, "ओव्हाळसाहेब, नाण्याला व्हर्निअर लावणार का आता?"

"तुला सुद्धा लावला असता. पण तू मापात बसत नाहीस भावा."

अख्खी बस हसली. लोक अशा ठिकाणी बुडतात ते घाईनं, हे आपण रोज वाचतो. या दोघांनी घाई केली नाही, हेच मला अजून पचत नाही.

रविवारी सकाळी धम्मरत्ननं मला घरी बोलावलं. येणाऱ्या मालाची कागदपत्रं बघणं हे माझं काम, म्हणून साक्षीला मी. जेवणाचं टेबल पुसलेलं, त्यावर मुलीचा लॅपटॉप, आणि शेजारी कंपनीचा तपासणी अहवालाचा कोरा छापील कागद. नवीन सप्लायरचा माल आला की भरतात तोच. त्यानं सुवाच्य अक्षरात सुरुवात केली. भागाचं नाव : टोर्वेला एक्सचेंज. सप्लायर : परदेशी. ड्रॉइंग नंबर : मिळाला नाही. तिथं थोडा थांबला आणि जीभ चावून पुढं गेला.

पुढचे तीन तास मी एक कलावंत बघत होतो. टोर्वेलाच्या पानावर एक परवाना होता, कुठल्याशा बेटाच्या सरकारनं दिलेला. आधी बेट खरं आहे का ते त्यानं बघितलं. नकाशावर ते एवढंसं होतं की मी त्याला लॅपटॉपवरची धूळ समजून पुसायला गेलो. बेट खरं निघालं. मग बेटाच्या सरकारची यादी. यादीत नाव, नंबर, तारीख, अगदी कंपनीच्या कचेरीचा पत्ता, सगळं जुळत होतं. एवढ्यावर भागेल तर तो धम्मरत्न कसला? त्यानं बेटाच्या कचेरीला मेल पाठवला आणि दोन दिवसांनी उत्तर येईपर्यंत तो रकाना मोकळा ठेवला. उत्तर आलं. होय, परवाना आमचाच आहे, चालू आहे.

पण त्याआधी, त्याच रविवारी, आपल्याकडची यादी आली. परदेशी बाजार असो का देशी, इथल्या रहिवाशांशी असा व्यवहार करायचा तर आपल्या सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडं नोंद करावी लागते, एवढं त्यानं वाचून काढलं होतं. यादी उघडली. तो वरून खाली गेला, मग खालून वर आला. टोर्वेला नव्हतं.

"नाही ना?" मी म्हणालो. "मग संपलं. चहा टाका वहिनी."

धम्मरत्ननं चष्मा काढला. "थांब जरा. तू स्टोअरचा माणूस, तूच सांग. आपला एक्स्पोर्टचा लॉट रद्द झाला तर आपण काय करतो?"

इथं आमच्या पट्ट्याची एक रीत सांगायला हवी. महाळुंग्यापासून खेडपर्यंत कुठल्याही कंपनीत जा, माल दोन तऱ्हेचा. परदेशी जाणारा आणि इथं राहणारा. परदेशी जाणाऱ्याचा एकेक नग तपासतात, इथं राहणाऱ्याचे शंभरातले पाच. त्यामुळं परदेशी गिऱ्हाइकानं ऑर्डर फिरवली, तर तो माल इथल्या गिऱ्हाइकाला सरळ देतात, पुन्हा तपासत नाहीत. वरच्या परीक्षेत पास झालेल्याला खालची कशाला द्यायला लावायची? ही समजूत आमच्या हाडात गेलेली आहे. पिंपरीच्या बाजारात एक्स्पोर्टमधून उरलेला म्हणून विकला जाणारा शर्ट आम्ही लग्नात घालतो, आणि कॉलर उलटून शेजाऱ्याला लेबल दाखवतो.

"सरळ देतो," मी म्हणालो.

"मग?" धम्मरत्न म्हणाला. "परदेशातल्या सरकारनं पास केलेला माल. आपल्या यादीत कशाला असेल? यादी आपल्याकडच्या लोकल मालासाठी."

आणि मला ते पटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर मी पुष्कळ लोकांना सांगितलं की मला तेव्हाच शंका आली होती. नव्हती आली. मी चहात बिस्कीट बुडवत मान डोलावली. धम्मरत्ननं त्या रकान्यात लिहिलं : लागू नाही (एक्स्पोर्ट ग्रेड).

शेवटी उरला पहिला नग. मशीन लावल्यावर निघालेला पहिला नग बारकाईनं तपासतात, तो ओके झाला की लॉट सोडतात. धम्मरत्ननं स्वतःचे दोन हजार टोर्वेलात घातले, आठवडाभर ठेवले आणि परत मागितले. चाळीस मिनिटांत बँकेत आले, वर एकशेदहा रुपये. सोमवारी त्यानं अहवालाच्या तळाशी सही केली आणि शाईच्या पॅडवर दोनदा दाबून शिक्का मारला. सात.

ज्योतीरामनं त्या कागदाला चाकण चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून प्लास्टिक चढवून आणलं. "घडी पडून फाटंल म्हनून," तो म्हणाला. करिष्मानं तो आधारकार्डांच्या पिशवीत ठेवला.

खातं उघडलं कँटीनमध्ये, उसळपावाच्या ताटाशेजारी. उजव्या हातानं फोन चालवायचं ज्योतीरामला जड जाई, म्हणून फोन त्याचा आणि बोट धम्मरत्नचं. नाव, फोन नंबर, फोटो. मग इंग्रजीतला लांबलचक मजकूर आला, तळाशी एक चौकोन. त्यावर बोट टेकवल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला होता. धम्मरत्ननं बोट टेकवलं.

पुढचे पाच महिने ज्योतीराम सुखात होता. रोज सकाळी बसमध्ये चढला की फोन धम्मरत्नपुढं धरायचा. पाच लाख दहा. पाच लाख चाळीस. त्याच्या लेखी ते आकडे नव्हतेच. "पट्टा आला बगा दादा," तो म्हणायचा. "आज मोटार आली." सहा लाखांना तो एकदा म्हणाला, "आता निस्ता जात्याचा दगड राहिला." गाळ्याच्या मालकाला तो शब्द देऊन बसला. गिरणीचं नाव सुद्धा ठरलं, करिष्मा पीठ गिरणी. करिष्मा लाजून म्हणाली होती, पाटीवर माजं नाव कशाला, पीठ सगळ्यांचं.

मग एका जानेवारीत ते ॲप फोनमधून नाहीसं झालं. नोंदणी न करता इथल्या लोकांशी व्यवहार करणाऱ्या परदेशी बाजारांची दारं सरकारनं बंद केली होती. रविराज दोन दिवस आधीच आपले काढून मोकळा झाला होता, हे त्यानं नंतर सांगितलं. आधी सांगायचं त्याला सुचलं नाही म्हणे.

धम्मरत्ननं टोर्वेलाला मेल लिहिला. उत्तर आलं, अगदी अदबीनं. आम्ही आपल्या देशातल्या रहिवाशांना सेवा देत नाही. आपण खातं उघडताना त्या देशाचे रहिवासी नसल्याचं जाहीर केलं आहे. पैसे काढायचे असल्यास परवानगी असलेल्या देशातल्या वास्तव्याचा पुरावा पाठवा.

"वास्तव्याचा म्हंजे?" ज्योतीरामनं विचारलं.

"राहण्याचा."

"मोशीचं लाइटबिल चालंल का?"

धम्मरत्न तो मेल पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. इकडं ज्योतीरामनं घरमालकाच्या पाया पडून भाडेकरार मिळवला, लाइटबिल जोडलं, सोसायटीच्या चेअरमनचं पत्र आणलं, आणि आपण गेली सहा वर्षं मोशीतच राहतो हे इतकं पक्कं शाबीत करून पाठवलं, की उरलीसुरली आशा सुद्धा त्या कागदांनी संपवली. टोर्वेलानं खातं कायमचं गोठवलं.

आम्ही तिघं पोलिसांच्या सायबर कक्षात गेलो. तिथले साहेब भले होते. सगळं ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, पाणी दिलं. कंपनी इथली नाही, वेळ लागेल, खरं सांगायचं तर फार धरून बसू नका म्हणाले. मग सहज विचारलं, "पैसे घालण्याआधी परवानगी वगैरे तपासली होती का?"

ज्योतीरामचा चेहरा उजळला. या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडं होतं. त्यानं पिशवीतून तो प्लास्टिकचा कागद काढला आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढं ठेवला. "तपासणी झालीय ना साहेब. सगळी. शिक्का हाय बगा."

साहेबांनी तो वरपासून वाचला. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. "हे 'लागू नाही' कुणी लिहिलं?"

"मी," धम्मरत्न म्हणाला.

"का?"

"म्हणजे आमच्याकडं एक्स्पोर्टचा माल असतो ना, तो..." आणि तो मध्येच थांबला. तेवीस वर्षांत ही रीत त्यानं कुणाला मोठ्यानं समजावून सांगितली नव्हती, तशी गरजच पडली नव्हती. ते वाक्य त्याच्याच कानावर पडलं, आणि ते कसं ऐकू आलं हे मला त्याच्या मानेवरून दिसलं. साहेबांनी कागद परत दिला.

त्यानंतर धम्मरत्ननं तो इंग्रजी मजकूर अख्खा वाचला. चौतीस पानं. एकतिसाव्या पानावर ज्या देशांना सेवा नाही त्यांची नावं होती, आणि तिसरं नाव आपलं. "ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, भाग डाव्या चाकाचा का उजव्या," तो मला स्टोअरच्या खिडकीत उभा राहून म्हणाला. "ते वाचल्याशिवाय मी कधी मापाचा गेज हातात घेतला का? डावा भाग उजवीकडं बसत नाही राव. कितीही चकचकीत असू दे. पोराला कळतं हे."

"अरे, ते फसवेच निघाले त्याला तू..."

"फसवे कुठं?" तो म्हणाला. "फसवे असते तर मी पकडले असते. माल खरा होता. आपल्यासाठी नव्हता. त्यांनी लिहिलं होतं तसं. आणि 'आम्ही इथले नाही' म्हणणाऱ्या चौकोनावर बोट मी ठेवलं, ज्याला बोट नाही त्याच्या वतीनं."



मार्चपासून लाइन अडायला लागली. धम्मरत्न माल सोडेना. एक नग हातात घ्यायचा, गेज लावायचा, ओके यायचा. पुन्हा लावायचा, पुन्हा ओके यायचा. मग गेजकडंच संशयानं बघत बसायचा. पेट्यांवर पिवळी चिठ्ठी लागायची, 'थांबवा'. एका शिफ्टला शंभर पेट्या थांबल्या. मॅनेजरनं दुसऱ्या इन्स्पेक्टरकडून त्या तपासून घेतल्या, एक नग खराब नव्हता. मॅनेजरनं त्याला चहा पाजला, सुट्टी घे म्हणाला. सुट्टी घेतली तर घरी मिनलवहिनींना गॅसची नळी दिवसातून आठदा दाखवावी लागायची. त्या मला म्हणाल्या, "आधी मी हसायचे भाऊजी. आता हे गॅस बंद आहे का विचारतात ना, तेव्हा यांना खरंच माहीत नसतं."

एप्रिलच्या एका दुपारी तो माझ्या खिडकीत आला आणि शिक्का ठेवला. "जमा करून घे."

"कशाला?"

"पावती दे."

मी पावती दिली. माल : रबरी शिक्का, नग एक, नंबर सात. स्थिती या रकान्यात काय लिहावं मला सुचेना. त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं, पण तो रकाना त्यालाही भरता आला नाही. तसाच राहिला. आता तो गेटवर गाड्यांचे नंबर लिहितो. गाडीचा नंबर असतो तोच असतो, त्यात चालेल की नाही चालेल नसतं.

पैसे त्यानं ज्योतीरामला देऊ केले नाहीत असं नाही. फंडातून काढले होते, साडेचार. मला घेऊन तो मोशीला त्याच्या खोलीवर गेला. गाळ्यात एव्हाना मोबाइलचं दुकान आलं होतं, जाताना दिसलं. करिष्मानं पोहे केले. धम्मरत्ननं पाकीट सतरंजीवर ठेवलं.

ज्योतीरामनं त्याला हात लावला नाही. "हे कशाला दादा?"

"तुझे आहेत."

"माजे टोर्वेलात हायेत. तुमच्याकडून घेतले म्हंजे ते गेले असं झालं की."

"गेलेच आहेत ते ज्योतीराम."

"आसं कसं जातील?" तो समजूत घालत म्हणाला, आजारी माणसाची घालतात तशी. "करिष्मा, कागद आन गं."

तिनं पिशवीतून कागद आणला, पण नवऱ्याच्या हातात देताना ती पाकिटाकडं बघत होती. ज्योतीरामनं कागद धम्मरत्नपुढं धरला आणि उरलेल्या बोटानं तळाशी टेकवलं. "तुमी स्वता बघितलंय. तीन तास बघितलंय. सातचा शिक्का हाय. आपल्या कंपनीत हा शिक्का बसलेली एक तरी पेटी माघारी आली का? सांगा तुमी."

धम्मरत्ननं खिशातून पेन काढलं. आमच्याकडं माल नापास झाला तर अहवालावर आडवी रेघ मारून खाली नापास लिहितात आणि सही करतात, ते ज्यानं पास केला त्यालाच करावं लागतं. त्यानं कागद मांडीवर घेतला आणि रेघ ओढली. प्लास्टिकवर शाई धरेना. त्यानं पुन्हा ओढली, जोर देऊन, मग अक्षरं काढायला गेला. शाईचे नुसते ठिपके उमटत होते आणि आपोआप गोळा होत होते. तो काढतच राहिला. आम्ही तिघं बघत होतो.

"ऱ्हाऊ द्या दादा," ज्योतीराम म्हणाला. त्यानं कागद हळूच काढून घेतला, बाहीनं शाई पुसली, एकदा उजेडात धरून शिक्का नीट दिसतोय का बघितलं, आणि परत करिष्माकडं दिला. "खराब हुईल."